बिअर्डेड ड्रॅगनचं (पाळीव सरड्याचं) पिल्लू सुपरवर्म (मोठ्या अळ्या) सोडतंय, पालकाची भाजी खात नाही. काय द्यायचं?

सांगलीवाडी२२
पिल्लू अंदाजे दोन महिन्यांचं, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत १८ सेंमी. इथे दुकानात सुपरवर्मच मिळतात, ते रोज ५-६ देतोय. सोबत पालक बारीक चिरून, पण त्याला तोंड लावत नाही. दोन दिवस शी नाही आणि आता सुपरवर्मही नाकारतंय. टाकीत ६० वॅटचा साधा बल्ब आहे, टाकी खिडकीला लागून ठेवलीय म्हणजे ऊनही मिळतं. कॅल्शियमची आपली गोळी कुटून टाकली तर चालेल का? नक्की काय, किती आणि दिवसातून किती वेळा?

कराडचा_पाली_मास्तर
सुपरवर्म आजपासून बंद. कीटक पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. तुमच्या पिल्लाला तिथे सेंटीमीटरभरसुद्धा जागा नसेल आणि सुपरवर्म चांगला दीड-दोन इंचाचा, वर कडक कवच. एवढ्याशा आतड्यात तो अडकतो. शी थांबलीय आणि खाणं सोडलंय, म्हणजे बहुतेक तेच.

आधी पोट मोकळं होऊ द्या. पसरट भांड्यात कोमट पाणी, त्याच्या कोपरापर्यंतच, १५ मिनिटं बसवा. पोटावरून मागच्या दिशेने हलकं बोट फिरवा. शी होईपर्यंत कीटक देऊ नका. पोट टम्म फुगलं, मागचे पाय ओढत चाललं किंवा आणखी दोन दिवसांत काहीच झालं नाही तर घरगुती उपाय पुरे, डॉक्टर गाठा.

पुढे मुख्य खाणं लहान रातकिडे किंवा डुबिया झुरळांची पिल्लं. सांगलीत नसतील तर कुरिअरने मागवा. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या लहान अळ्याही उत्तम. मीलवर्मशिवाय (सुपरवर्मपेक्षा लहान अळ्या) काहीच मिळालं नाही तर डब्यातले नुकती कात टाकलेले पांढरे, मऊ असतात तेवढेच वेचून द्या, तेही एखाद-दोन.

दिवसातून तीन वेळा द्या. सकाळी दिवा लागल्यावर तासाभराने, मग दुपारी, आणि शेवटचं दिवा मालवायच्या किमान दोन तास आधी. प्रत्येक वेळी १० ते १५ मिनिटांत खाईल तेवढंच. लहान रातकिडे असतील तर ८ ते १५ सहज संपवेल. उरलेले सगळे बाहेर काढा. रात्री ते झोपलेल्या पिल्लाची बोटं आणि शेपटी कुरतडतात.

रातकिड्यांनाही उपाशी ठेवू नका. देण्याआधी २४ तास त्यांना गाजर, पालेभाजी, गव्हाचा कोंडा घाला. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल.

वाईकर_टेरॅरियम
खाण्याइतकाच दिव्याचाही घोळ आहे. खिडकीच्या काचेतून यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) येतच नाही, नुसती उष्णता येते. यूव्हीबी नसेल तर कातडीत डी३ (ड जीवनसत्त्व) तयार होत नाही, आणि डी३ नसेल तर पोटात गेलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरतं. पायाची बोटं थरथरणं, जबडा रबरासारखा मऊ पडणं ही त्याची लक्षणं. आजच जबडा हलक्या हाताने तपासा.

१० किंवा १२ टक्के यूव्हीबीची टी५ ट्यूब (बारीक ट्यूबलाइट) घ्या, गुंडाळीचा जांभळा बल्ब नको. ट्यूब आणि बसायचा दगड यांतलं अंतर खोक्यावर लिहिलंय तेवढं ठेवा. वर्षाने बदला, उजेड दिसत असला तरी.

गोळी नको. तिच्यात बहुतेक वेळा डी३ घातलेलं असतं, एवढ्या जिवाला मात्रा मोजणार कशी? पानाचा चुना तर अजिबात नको, तोंड भाजतं. डी३ नसलेली साधी कॅल्शियम कार्बोनेट पावडर आणा. मिळेपर्यंत पक्ष्यांच्या दुकानातला समुद्रफेस खरवडून, मलमलीतून चाळून वापरा. पिशवीत दहा-बारा किडे, चिमूटभर पावडर, आणि शंकरपाळ्यांना पिठीसाखर लावतो तसं हलवायचं. लगेच द्या, किडे पाच-दहा मिनिटांत अंग साफ करतात. आठवड्यातले पाच दिवस, रोज एका खाण्याला. डी३ असलेलं मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एकदाच.

सांगलीवाडी२२
जबडा घट्ट आहे, बोटंही थरथरत नाहीत. ट्यूब मागवतो. शेतातले नाकतोडे पकडून दिले तर? आणि पालक नाही तर पाला कोणता?

कराडचा_पाली_मास्तर
शेतातलं काही नको. आपल्याकडे ऊस, द्राक्ष, सोयाबीन, सगळ्यावर फवारणी. घरातली झुरळंही नकोत, खडू आणि जेल खाऊन फिरतात. मे-जूनमध्ये आणखी एक सांभाळा: काजवा. टाकीचा दिवा बघून एखादा आत आला आणि पिल्लाने गिळला तर एकच पुरे, जीव जातो.

पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. चाकवत आणि राजगिऱ्याचंही तेच. त्याने पालक खाल्ला नाही ते बरंच झालं. कोवळी तुती, जास्वंदाची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, थोडा लसूणघास (गुरांचा चारा, लसूण नव्हे), कोथिंबीर आलटून पालटून, किसलेला लाल भोपळा वरून. द्राक्षाची पानंही चालतात, पण परसातल्या वेलाची, बागेतली नकोत. कांदा, लसूण, अ‍ॅव्होकॅडो कधीच नाही. पाला सकाळी आधी ठेवा, पाणी शिंपडून, कीटक नंतर. या वयात चार घास खाल्ले तरी पुष्कळ. तीन हिस्से कीटक, एक हिस्सा पाला. मोठं झाल्यावर हे उलटं होतं, म्हणून चव आत्ताच लावायची.

कृष्णाकाठ_सातारा
६० वॅट आहे म्हणून भागलं असं समजू नका. टेंपरेचर गनने दगडाचा पृष्ठभाग मोजा: ४० ते ४२ अंश हवा, थंड बाजू २५ ते २८. याच्या खाली पचन मंदावतं. सांगलीच्या एप्रिलमध्ये उलटा त्रास, थंड बाजूच ३५ वर जाते. तेव्हा कमी वॅटचा बल्ब. साताऱ्याच्या डिसेंबरात रात्री टाकी १८ च्या खाली जाऊ लागली तर सिरॅमिक हीटर, उजेडाचा दिवा नको.

लाइट गेली आणि तास-दीड तासात आली नाही तर पुढचं खाणं सोडून द्या. थंड पोटात किडे सडतात, एक वेळ उपाशी राहिल्याने काही होत नाही.

डॉक्टरांचं म्हणाल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून सरपटणाऱ्या प्राण्यांचं कोणी बघतं का ते विचारा, मगच निघा. जाताना शी झाली असेल तर ताजी डबीत घेऊन जा, जंत तपासता येतात.