उष्णता जिथे आहे तिथेच कारखाने न्यावेत का?

वाफाळ: वीज तारेवरून शेकडो किलोमीटर जाते. वाफेचा जीव काही किलोमीटरांतच जातो. म्हणून भूगर्भातली उष्णता वापरायची तर कारखान्यांनीच तिच्या दारी जावं, तेही घोळक्याने. वाफेवर आधी कागद सुकवा. मग उरलेल्या नव्वद अंशांच्या पाण्याने दूध तापवा (पाश्चरीकरणाला 72 अंश पुरतात), आणि शेवटचं कोमट पाणी हरितगृहाला द्या. कुठल्या कामाला किती अंश लागतात याचा तक्ता आइसलंडच्या बाल्दुर लिंदाल यांनी कधीच मांडून ठेवलाय. एकटा कारखाना उष्णतेची साय खातो आणि दूध ओतून देतो.

हिशेबी: तक्ता भिंतीवर छान दिसतो. पण कारखाना कच्चा माल आणि गिऱ्हाईक बघून उभा राहतो. न्यूझीलंडमधल्या कावेराऊची कागद गिरणी 1950च्या दशकापासून भूगर्भातली वाफ वापरत होती. 2021 मध्ये बंद पडली. वाफ संपली नव्हती, वर्तमानपत्राच्या कागदाची मागणी आटली. घोळक्यातला थोरला गेला की धाकट्यांनी काय करायचं?

वाफाळ: अहो, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण! तिथे वाफ घेणारे बाकीचे कारखाने चालूच राहिले, कारण वाफ विकणारी संस्था गिरणीपेक्षा वेगळी होती.

बॉयलरवाला: दोघंही कमी तापमानाचंच बोलताय. सिमेंटच्या भट्टीला 1450 अंश लागतात, तिला या पंगतीत पान नाही. आणि शेजाऱ्याचं शटडाउन म्हणजे आपलंही शटडाउन, या धास्तीने जो तो गॅसचा एक जादा बॉयलर ठेवतो. त्याचा खर्च वाफाळ यांनी धरलाच नाही.

हिशेबी: +१

वाफाळ: मग सगळ्यांत मिळून एकच राखीव बॉयलर ठेवा की. डेन्मार्कच्या कालुनबोरमध्ये कित्येक दशकांपासून शेजारी कारखाने एकमेकांची वाफ-पाणी वापरताहेत. तिथलं कोळशाचं वीजकेंद्र लाकडाच्या तुकड्यांवर गेलं, तरी कारखान्यांची वाफ चालूच आहे.

हिशेबी: लाकडाला नवीकरणीय म्हणायचं का, हा वेगळ्या भांडणाचा विषय. पण कालुनबोरमध्ये कोणी आराखडा काढून घोळका आणला नाही. कारखाने आधीच शेजारी होते, करार दोघादोघांत होत गेले. तुम्ही मात्र गाव वसवायच्या आधी शेजारी ठरवताय.

वाफाळ: हे मान्य. पण सामायिक बॉयलरबद्दल तुम्ही सोयीस्कर मौन पाळलंत.

बॉयलरवाला: तो कोणाच्या आवारात बसवायचा यावरून पहिली बैठक मोडेल, लिहून देतो.