फुलबाजारातली गजरेवाली पोर: मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करू का?

सकाळची_६_०४:
दादरच्या फुलबाजारातून देवाची फुलं घेऊन मी लोकल पकडते. तिथे आठ-नऊ वर्षांची एक पोर आईशेजारी बसून गजरे ओवते, मांडीवर धाकटा भाऊ. हात इतका झरझर चालतो की बघत राहावं. शाळेचं विचारलं तर म्हणाली, "दाखला नाय ना." फोनचं नाव काढल्यावर आईचा चेहरा पडला. "ताई, पोरांना डोंगरीला नेतील." म्हणजे तिथल्या बालगृहात. तेव्हापासून माझंच धाडस होत नाहीये.

जुनी_चप्पल:
ताई, बावीस वर्षं फलाटांवर अशा पोरांबरोबर काढलीत, म्हणून सांगतो. डोंगरीचा मुंबईत बागुलबुवा झालाय. आया पोरांना जेवायला बसवतानाही तेच नाव घेतात! १०९८ मुंबईतच सुरू झालं, १९९६ मध्ये, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या कामातून. आता सरकारच चालवतं. फोन केला म्हणजे पोर उचललीच असं नाही. मूल ताब्यात घेतलं, तर २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं २०१५ चा बाल न्याय कायदाच म्हणतो.

इथे तर आई शेजारी बसलीय. तेव्हा आधी शाळा. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वयानुसार वर्गात बसवावं लागतं, हे २००९ पासून कायद्यात आहे. शाळा सुटल्यावर आईला हात लावला तर चालतं, शाळेच्या ऐवजी नाही. बाप वारला असेल किंवा सोडून गेला असेल, तर सरकारच्या बालसंगोपन योजनेचं विचारा, मूल घरातच सांभाळायला पैशांची मदत मिळते.

मला खुपतं ते वेगळंच. एका पोराला मी स्वतः कल्याणला घरी सोडलं, सही घेतली, फाईल बंद. पंधरा दिवसांत तोच पोरगा त्याच फलाटावर, त्याच खांबाला टेकून. बापाची दारू तशीच होती ना! त्या घरी महिन्याने पुन्हा कोण गेलं? कोणीच नाही. मीसुद्धा नाही. 'यंत्रणा मजबूत करा' म्हणतात तेव्हा लोकांना नवी गाडी, नवा फलक आठवतो. मला ती न झालेली दुसरी खेप आठवते.

बोरिवली_स्लो:
या सगळ्या टोळ्या असतात. फोटो काढून ग्रुपवर टाका, होईल व्हायरल.

जुनी_चप्पल:
फोटो अजिबात नको. अशा मुलाची ओळख उघड करणं त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. टोळीचा संशय खरा असेल, म्हणजे रोज वेगळाच माणूस पैसे गोळा करताना दिसला, पोरीच्या अंगावर वळ दिसले, तर मात्र आईच्या भीतीपायी थांबू नका. लगेच १०९८.

सकाळची_६_०४:
वळ नाहीत. पैसे आईच्याच पिशवीत जातात, रोज बघते. शनिवारी मला सुट्टी आहे, आईला घेऊन महापालिकेच्या शाळेत जाईन म्हणते. काका, मुख्याध्यापकांनी नाहीच म्हटलं तर?

जुनी_चप्पल:
लेखी मागा. बहुतेकदा तिथेच सूर बदलतो. आणि ताई, धाकट्यालाही अंगणवाडीत घाला. नाहीतर सोमवारी पोर भाऊ सांभाळायला पुन्हा फुलांतच.