नव्या मॉनिटरवर एक हिरवा ठिपका: परत करू की गप बसू?

देवगडवाला
आंब्याच्या पेट्यांची लेबलं आणि लग्नपत्रिका करतो, त्यासाठी २४ इंची आयपीएस (रंग नीट दाखवणाऱ्या पडद्याचा) मॉनिटर ऑनलाइन मागवला. कुरिअर गावात येत नाही, म्हणून भर पावसात कणकवलीला जाऊन घेऊन आलो. चालू केला तर मधोमध, जरा उजवीकडे हिरवा ठिपका. पांढऱ्यावर दिसत नाही, काळ्यावर काजव्यासारखा चमकतो. कंपनीला फोन केला तर म्हणे, एक पिक्सेल (चित्र बनवणारा पडद्यावरचा एक बारीक ठिपका) खराब असला तरी मर्यादेत बसतो. परतीचे चार दिवस उरलेत. माझं मत सरळ आहे: पैसे पूर्ण घेतले, माल पूर्ण द्या. तुम्ही काय कराल?

गुहागरकर
ठेवून घे. अशा पडद्यावर साधारण १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल, प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. ६२ लाखांत एक भाग अडकलाय रे! आयएसओ ९२४१-३०७ मानकातही पडद्यांचे वर्ग आहेत. बऱ्याच कंपन्या दुसरा वर्ग धरतात, आणि त्यात दर दहा लाखांमागे दोन पूर्ण उजळ नि दोन पूर्ण काळे पिक्सेल चालतात. तू बागायतदारांचं काम करतोस ना, पेटीत एक आंबा डागी निघाला म्हणून कोणी अख्खी पेटी परत पाठवतं का?

देवगडवाला
पाठवत नाही, पण फोन करतं. आणि बागायतदार दुसरा आंबा देतो, 'दोन डागी मर्यादेत' असं सांगत नाही.

वेंगुर्ल्याची
भांडण्याआधी ठिपका कसला आहे ते बघा. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा अशी पडदाभर चित्रं लावा. काळ्यावर हिरवा चमकतोय म्हणजे तो हिरवा भाग चालू अवस्थेत अडकलाय. उलट पांढऱ्यावर जांभळट-गुलाबी ठिपका दिसला असता तर हिरवा भाग मेला असं धरायचं. कुठल्याही रंगावर काळाच राहिला तर अख्खा पिक्सेल मेलेला, किंवा नुसती धूळ. अडकलेला कधी कधी सुटतो: रंग भराभर बदलणारा प्रोग्रॅम त्या जागेवर काही तास चालवायचा. खात्री मात्र नाही. मेलेल्याला काही उपाय नाही.
दाबून, चोळून बघू नका. माझ्या भावाने ओल्या फडक्यात पेनाचं टोक धरून दाबलं. ठिपका होता तिथेच, शेजारी ढगासारखा डाग मिळाला. मग परत घ्यायला कोण तयार होणार?

गुहागरकर
बघ, म्हणजे उपाय आहे. परत पाठवून येणारा दुसरा चांगलाच असेल हे कोणी सांगितलं? मी एकदा बदलून घेतला, दुसऱ्याच्या कोपऱ्यातून उजेड गळत होता. घाटातून खोकी आदळत येतात. आठ दिवसांनी तुला ठिपका दिसणारही नाही.

रत्नांग्रीचो झील
कित्याक त्या ठिपक्याच्या मागे लागलास? काम होता मा? मग झाला!

वेंगुर्ल्याची
'झाला' म्हणायला ठिपका तुमच्या पडद्यावर नाही हो. गुहागरकर दोन गोष्टींची गल्लत करतायत. ते वर्ग आणि मर्यादा कंपनीच्या वॉरंटीच्या. विक्रेत्याची परतीची मुदत वेगळी, तिथे त्याच्या अटी वाचायच्या. मुदत संपली की मग फक्त कंपनी आणि तिची मर्यादा. म्हणून आजच विनंती टाका, काळ्या पडद्यावरचा फोटो जोडा, खोकं आणि थर्माकोल फेकू नका. विक्रेता अटी मोडून नाही म्हणाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. रंगांचा प्रोग्रॅम विनंती टाकल्यावर चालवा, आधी नको.

गुहागरकर
वॉरंटीचं मान्य. तरी एका ठिपक्यासाठी पुन्हा कणकवली? मी नसतो गेलो.

देवगडवाला
विनंती टाकली, मग प्रोग्रॅम लावला. तीन तासांनी लाईट गेली, रात्री परत लावला. सकाळी काळा पडदा बघितला: हिरवा तिथेच, जरा मंद वाटतो, पण तो बहुतेक माझ्या मनाचा खेळ. पत्रिकेवर काळी पार्श्वभूमी असली की नजर आधी तिथे जाते, लेबलाच्या अक्षरांकडे नंतर. मी परत करतोय.
पिकअपवाल्याचा फोन आला होता. म्हणतो, "दादा, गावात गाडी येत नाही, कणकवलीपर्यंत आणून द्या."