व्हिडिओ काढ, गंजिफा बघ
कोकणच्या वेबसाईटवर समुद्राचा व्हिडिओ फुल स्क्रीन ठेवायचा म्हणतोस ना, तो आधी काढ बाबा. देवबागच्या किनाऱ्यावर भर दुपारी मोबाईल उघडून बघ, हलत्या निळ्यावर पांढरी अक्षरं दिसतच नाहीत, कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, निदान ४.५:१ हवाच. आणि रंग शोधायला लांब कशाला जायचं, सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, आहेत की! हातात मावणारे गोल पत्ते, लाखेची चमक, काठाला बारीक नक्षी, दशावतारी संचात तर १२० पत्ते, सेक्शनचे आयकॉन तसे गोल केलेस तर काय सुंदर दिसतील, फक्त पिंगुळीच्या चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेची, त्यात भेसळ नको, ती शैली वेगळी. फॉन्ट मुक्ता घे, फुकट आहे, लाईन हाईट, म्हणजे एका ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.६ पट तरी ठेव, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.