डायरीवर घेतलेला प्लॉट गेला: पोलीस ठाण्यात जायचं की कोर्टात?

रामबागकर: शिव्या पडतील, पडू देत. इंदूरात डायरीवर प्लॉट घेऊन फसलेला माणूस आधी ठाण्याकडे पळतो, ते मला पटत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो, कॉलनीची परवानगी नाही, रेराचा (घर-प्लॉट विक्रीच्या कायद्याचा) नोंदणी नंबर नाही, तरी दलाल छोट्या डायरीत प्लॉट नंबर, भाव नि दिलेले पैसे लिहून देतो, रजिस्ट्री "नंतर". मग भाव चढला की मालक विचारतो, कुठला प्लॉट? माझ्या मावसभावाचं बायपासला हेच झालं नि तो आता फसवणुकीचं ४२० कलम लावायला निघालाय. अरे पण सौदा मोडणं म्हणजे गुन्हा नव्हे. सुप्रीम कोर्टानं २००० सालीच हृदय रंजन प्रसाद वर्मा केसमध्ये सांगितलंय, फसवायचा इरादा सौदा करतानाच हवा, नंतर शब्द फिरवला तर तो नुसता करारभंग.

भियाराम: वा, नि कोर्टात दावा लावून काय, नातवाच्या मुंजीपर्यंत तारखा? ठाण्यातून एक फोन गेला की हेच मालक चहा पाजून पैसे मोजतात. आमच्या गल्लीत झालंय.

रामबागकर: मग पोलीस वसुली एजंट झाले ना! एप्रिल २०२५ मध्ये सरन्यायाधीश संजीव खन्नांनी यूपीच्या पोलिसांना ह्याच्यावरूनच झापलं, सिव्हिल भांडणाची फौजदारी करता म्हणून. आणि ४२० म्हणू नका आता, १ जुलै २०२४ पासूनच्या प्रकरणाला नव्या भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) कलम ३१८(४), शिक्षा ७ वर्षांपर्यंत.

सुदामानगरच्या काकू: यूपीचं यूपीला. ज्यानं एकच प्लॉट तिघांना डायरीवर दिला तो पण "करारभंग" का रे बाळा? माझ्या मते त्याला आतच टाकावं, पैसे मिळोत न मिळोत.

काळाकोट: काकूंचं बरोबर. तिघांना विकला, किंवा जमीन त्याच्या नावावरच नव्हती, तर इरादा पहिल्या दिवसापासून दिसतो, तिथे एफआयआर खुशाल करा. सिव्हिल दावाही सोबत चालतो, एकानं दुसरं अडत नाही. फक्त फौजदारीत वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, सिव्हिलमध्ये कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय एवढंच बघतात. आणि फौजदारीत आरोपीला शिक्षा होईल, पण रजिस्ट्री करून द्या असा हुकूम सिव्हिल कोर्टच देतं. लोक दोन-दोन वर्षं ठाण्याचे चक्कर मारत बसतात नि तिकडे सिव्हिल दावा लावायची मुदत संपत येते. सौदा पूर्ण करून मागायचा तर ३ वर्षं, रजिस्ट्रीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नाहीतर नकार कळला तिथून.

भियाराम: साहेब, पण रेराच्या कलम ३ मध्ये नोंदणीशिवाय प्लॉट विकायचा काय, बुकिंगसुद्धा घ्यायचं नाही असं आहे, जमीन ५०० चौरस मीटरच्या वर असली की झालं. आणि कलम १३ म्हणतं रजिस्टर्ड एग्रीमेंटशिवाय १० टक्क्यांवर पैसे घेऊ नका. मग कायद्यानं मना केलेला सौदा कराराच्या कायद्यात रद्दच ना? कोर्ट प्लॉट कसा देईल? म्हणून म्हणतो ठाणंच बरं.

काळाकोट: मुद्दा चांगला काढलास, समोरचा वकील नेमकं हेच म्हणणार. पण रेराची मनाई विकणाऱ्यावर आहे, घेणाऱ्याला वाचवायला. आणि करार रद्द धरला तरी १८७२ च्या करार कायद्याचं कलम ६५ आहे, घेतलेला फायदा परत कर म्हणून. प्लॉटवर हटून बसण्यापेक्षा व्याजासकट पैसे मागा, रेराकडे भोपाळला तक्रारही करा.

सुदामानगरच्या काकू: आणि अर्धे पैसे रोख दिलेत त्याचं? सगळे त्याच भीतीनं गप्प बसतात. व्हाइट किती, ब्लॅक किती कोण सांगणार जजसमोर.

काळाकोट: काकू, २०,००० किंवा त्यावर रोख बयाणा घेतला तर दंड घेणाऱ्याला होतो. देणाऱ्याला फक्त पैसा आला कुठून ते सांगावं लागतं.

भियाराम: "फक्त" म्हणे 😂

काळाकोट: रामबागकर, डायरीवर सही कुणाची, दलालाची की मालकाची?

रामबागकर: दलालाची. पण निम्मे पैसे चेकनं थेट मालकाच्या खात्यात गेलेत.

काळाकोट: मग बँक स्टेटमेंट आजच काढायला सांगा नि मालकाला रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस जाऊ द्या. दलाल म्हणेल मी कोण, मालक म्हणेल दलाल कोण, पण पैसे कशाचे घेतले हे मालकालाच सांगावं लागेल.

भियाराम: नोटीस पाठवा, मी कुठे नाही म्हणतो. ठाण्यात अर्ज पण द्या.