राग आवरायला वही? ज्यू लोकांच्या 'मुसार'बद्दल कोणी सांगेल का

उकडातांदूळ

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. माझा राग फार वाईट. बाहेर नाही हां, बाहेर मी एकदम गोड, सगळा राग घरात निघतो. गेल्या सोमवारी आमच्या मावशींनी (भांडी-फरशी करतात) न सांगता दांडी मारली आणि मंगळवारी आल्या तर मी त्यांना इतकं बोलले इतकं बोलले की विचारू नका. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं, त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसतं ते पिळत राहिल्या, पाणी निथळून संपलं तरी पिळतच राहिल्या. आणि कहर म्हणजे त्या दिवशी माझा उपास होता आणि मी नुकतीच तासभर पोथी वाचून उठले होते 😐

ते फडकं काही डोक्यातून जात नाहीये. ऑफिसच्या कामात एका इस्रायली बाईंशी कॉल असतो, त्यांच्याशी सहज बोलताना विषय निघाला तर म्हणाल्या आमच्यात मुसार म्हणून एक प्रकार आहे, स्वभाव घासूनपुसून घ्यायचा, रोज वहीत लिहायचं वगैरे. नेटवर बघितलं तर अर्धे लोक ते सेल्फ-हेल्प म्हणून विकतायत आणि अर्धे म्हणतायत ही देवाची सेवा आहे. तर (१) नक्की करतात काय? आणि (२) यात देव कुठून आला? राग माझा, वही माझी.

पिंपळपार

ताई, तुमचा उपास, पोथी आणि ते फडकं, मुसार चळवळ सुरूच तिथून झाली बघा.

मुसार म्हणजे हिब्रूत शिस्त, बोध, कानउघाडणी सगळं एकत्र. शब्द जुना आहे, बायबलच्या नीतिसूत्रांत सुरुवातीलाच येतो. त्यावरची पुस्तकंही जुनी, पण त्याची चळवळ केली ती लिथुआनियात रब्बी (ज्यू धर्मगुरू) इस्रायल सलांटर यांनी, १८४० च्या दशकात विल्ना शहरात. (ते १८८३ मध्ये वारले.) त्यांचं म्हणणं साधारण असं की माणसं तालमूद (ज्यूंचा धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ) शिकून पंडित होतात, खाण्यापिण्याच्या सोवळ्यात तसूभर चूक करत नाहीत, पण जीभ आणि व्यवहार मात्र सैल सोडलेला.

त्यांची एक गोष्ट नेहमी सांगतात. पेसाखच्या सणाला मात्झो लागतो, बिनखमिराची पातळ भाकरी म्हणा. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांत ती भट्टीत गेली पाहिजे नाहीतर बाद, त्यामुळे भट्टीवर नुसती धावपळ आणि आरडाओरडा. शिष्य देखरेखीला निघाले, त्यांनी विचारलं काय काय सांभाळायचं. गुरुजी म्हणाले कणीक मळणारी बाई विधवा आहे, तिच्यावर ओरडू नका. बस.

दुसरी गोष्ट, जेवणाआधी हात धुवायचा विधी असतो. हे अगदी नियमापुरतं पाणी घ्यायचे, जास्त घेतलं तर पुण्य जास्त असं लोक धरायचे तरी. कारण पाणी विहिरीवरून मोलकरीण वाहून आणायची. आपलं सोवळं दुसऱ्याच्या खांद्यावरून नको.

आता करतात काय. सलांटरांचं एक पत्र आहे १८५८ चं, सुरुवातच अशी की माणूस कल्पनेत मोकाट असतो आणि बुद्धीने बांधलेला असतो. म्हणजे कळतं सगळं, पण ऐन वेळी कळण्याचा उपयोग शून्य. म्हणून वाचायचं ते मनात नाही, मोठ्याने, चालीवर, एकच ओळ परत परत, गळा भरून येईपर्यंत. आपण पाढे घोकायचो तसंच, फक्त इथे घोकायचं काय तर स्वतःची खोड. यासाठी मुसार-घर म्हणून वेगळी खोली असायची, दुकानदार वगैरे साधी माणसं पण येऊन बसावीत म्हणून.

वाचायचं पुस्तक मुख्य म्हणजे मेसिलात येशारीम, लुत्झात्तोंचं, आम्सटरडॅमला १७४० ला छापलेलं. प्रस्तावनेत ते स्वतःच सांगतात की यात तुम्हाला ठाऊक नाही असं फारसं काही नाही, ठाऊक आहे त्याचीच आठवण करून देतोय. मला फार आवडतं हे, नाहीतर हल्ली प्रत्येक जण सिक्रेट सांगायला बसलाय.

जुनीवही

मी वहीवाला. ज्यू नाही, सदाशिव पेठ 😄 पण दोन वर्षं हे करतोय म्हणून लिहितो.

वहीची पद्धत मेनाहेम मेंडेल लेफिन यांच्या १८०८ च्या पुस्तकातली. तेरा गुण घ्यायचे, दर आठवड्याला एक, तेरा आठवडे झाले की परत पहिल्यापासून, असं वर्षात चार वेळा, १३ गुणिले ४ म्हणजे ५२. आता गंमत बघा, ही आयडिया मूळची अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनची, लेफिननी ती उचलून ज्यू वाचकांसाठी बसवली आणि पुढे सलांटरांच्या मंडळींनी तेच पुस्तक विल्न्यात परत छापलं. चांगलं कुठूनही घ्यावं, लाज कसली.

मी काय करतो तर चौकटीची वही, वर आठवड्याचा गुण, रात्री चुकलं तिथे नुसता ठिपका. निबंध लिहायचा नाही, मी पहिल्या महिन्यात निबंध लिहिले आणि वाचताना लक्षात आलं की प्रत्येक निबंधात मीच हिरो. ठिपक्यात हिरो होता येत नाही. 'धीर'च्या आठवड्यात मंगळवारी सात ठिपके होते, त्यातले चार एकट्या पार्किंगचे. ठिपके कमी झाले का? थोडे. पण भडका उडायच्या आधी अर्धा सेकंद कळायला लागलं की उडणार आहे. पूर्वी नंतरच कळायचं.

आणि एकदम मोठं काही करू नका. रामबाम (मैमोनिडीस, बारावं शतक, कैरोजवळ वैद्य होते) म्हणतात एका माणसाला हजार नाणी एकदम देण्यापेक्षा हजार वेळा एकेक नाणं दिलेलं बरं, कारण हजार वेळा हात उघडला तर हाताला सवय लागते. रागाचं तसंच.

खडूस

धागा छान पण एवढं कौतुक कशाला ते कळलं नाही. षड्रिपू आपल्याकडे, मनाचे श्लोक आपल्याकडे, तेच ते. वही फ्रँकलिनची. मग ज्यू त्यात काय राहिलं? आणि याच चळवळीत नोवार्डोक म्हणून शाखा होती, तिथली पोरं औषधाच्या दुकानात जाऊन मुद्दाम खिळे मागायची, लोक हसले पाहिजेत आणि आपल्याला काही वाटलं नाही पाहिजे म्हणून. हे चारित्र्य घडवणं की वेडेपणा?

पिंपळपार

@खडूस खिळ्यांचं खरं आहे, मलाही ती शाखा झेपत नाही. पण उलट टोकही होतं ना, स्लाबोडका या दुसऱ्या शाखेचे नोस्सोन झ्वी फिंकेल सांगायचे की माणूस किती थोर आहे ते आधी त्याला कळू द्या, मग तो क्षुद्र वागायला स्वतःच लाजेल. तिथली पोरं नीटनेटका कोट घालून हिंडायची. आणि सगळ्या ज्यूंनी हे डोक्यावर घेतलं असंही नाही, कित्येक रब्बी म्हणाले तोरा (धर्मशास्त्र) शिका, तेवढं पुरे, वेगळं औषध कशाला. १८९७ ला स्लाबोडकाची शाळा यावरूनच दुभंगली.

देव कुठे येतो याचं मला समजलेलं उत्तर दोन ठिकाणी आहे. एक, पिरके आवोतमध्ये (जुन्या रब्बींच्या वचनांचा संग्रह) सोखोचे अँटिगोनस म्हणतात की बक्षिसाच्या आशेने मालकाची सेवा करणाऱ्या नोकरांसारखे होऊ नका. म्हणजे शांत झोप लागावी, बीपी कमी व्हावं म्हणून राग सोडला तर तो पगारी राग-सोडणं झालं. चालेल, पण सेवा नव्हे. दुसरं मिश्नामध्ये (ज्यूंच्या धर्मनियमांची जुनी संहिता): योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी देव त्याच्याविरुद्धचे अपराध माफ करतो, पण माणसाविरुद्ध केलेला अपराध त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय माफ होत नाही. देवाने ते खातं स्वतःकडे ठेवलंच नाहीये. त्यामुळे ताई, तुमचा देवापर्यंतचा रस्ता सध्या त्या फडक्यावरून जातो असं म्हणायला हरकत नाही.

शनवारतेली

उशिरा आलो. मी बेने इस्रायल (कोकणातले मराठी ज्यू), ठाण्याचा, मूळ अलिबागकडचे आम्ही, आयडीवरून कळलंच असेल (कोकणात आमचे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून ते नाव).

मुसार ही युरोपातली गोष्ट, आमच्या आजीने तो शब्द कधी ऐकलाही नसेल. पण योम किप्पूरला जुनी माणसं दारफाळणीचा सण म्हणायची, दार लावून घेण्याचा. पांढरे कपडे, कडक उपास, कोणात मिसळायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण, दारं उघडायची, गरिबांना द्यायचं, एकमेकांकडे जायचं. आजीचा मात्र खाक्या वेगळा, ती सणाच्या आदल्या आठवड्यातच फिरायची. एकदा मला बरोबर घेऊन एका जावेकडे गेली, दोघींचं वर्षभर बोलणं नव्हतं कोकमांवरून (हो, कोकमांवरून). आजी उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, माझं चुकलं, तुझंही चुकलं पण ते तू बघ. जाऊबाईंनी चहा टाकला.

ताई, एक महत्त्वाचं, कारण मला माहितीय तुम्ही काय करणार. मावशींना साडी द्याल किंवा पाचशे रुपये जास्त द्याल आणि विषय संपवाल. रामबाम स्पष्ट लिहितात की दुसऱ्याचे पैसे बुडवले असतील तर ते परत दिले तरी त्याची समजूत काढून माफी मागावीच लागते. तोंडाने. तो नाही म्हणाला तर परत जायचं, आणखी माणसं बरोबर घेऊन, तीनदा पर्यंत. तोपर्यंत वही विकत घेऊ नका.

अजून एक त्यांचंच. बाकी सगळ्या गुणांत मधला मार्ग, पण गर्व आणि राग या दोनांत मधला नाही, पार दुसऱ्या टोकाला जायचं. घरच्यांना धाक लागत असेल तर रागाचं नाटक करा, आत मन शांत पाहिजे. मला नाटक जमतं, आतलं जमत नाही.

खडूस

कोकमांवरून 😂 बरं, शब्द मागे. अर्धे.

उकडातांदूळ

सगळ्यांचे आभार. @शनवारतेली साडी काढून ठेवली होती हो कपाटातून, कसं ओळखलंत.

आज सकाळी बोलले. बेसिनपाशी उभी राहून. मी म्हटलं मावशी, मंगळवारी मी फार बोलले, माझं चुकलं. त्यांनी नळ बंद केला, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या "बरं." मग नळ चालू केला. मला वाटलं झालं. तर पाठमोऱ्याच म्हणाल्या, "गुरुवारी पण नाहीये मी, आत्ताच सांगून ठेवते."

गुरुवारी घरी अकरा माणसं जेवायला आहेत.

वही दुपारी आणली. पहिला ठिपका त्याच मिनिटाचा.