मदत हवी आहे: पाचही फिटनेस मिळाले, तरी बॅरिॲट्रिक (वजन घटवण्याच्या) शस्त्रक्रियेची कॅशलेस मंजुरी अडकली (सोलापूर)

होटगीरोडकर (धागाकर्ता):
पत्नीची स्लीव्ह (जठर लहान करण्याची) शस्त्रक्रिया येत्या बुधवारी ठरली आहे. फिजिशियन, हृदयरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ या पाचही जणांचे फिटनेस दाखले हातात आहेत आणि त्यासाठी तीन आठवडे सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत फाइल घेऊन हिंडलो आहे. तरीही टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेने) मंजुरी न देता क्वेरी, म्हणजे लेखी शंका काढली. रुग्णालयाचा विमा विभाग म्हणतो, तुम्ही कंपनीशी बोला. कंपनी म्हणते, उत्तर रुग्णालयाने द्यावे. आजवर हप्ता एकदाही चुकवलेला नाही. कृपया लवकर सांगा, नेमके कोणाला धरावे?

फाइलवाला:
क्वेरीत काय लिहिले आहे, तेवढेच तुम्ही लिहायचे राहिले आहे. पॉलिसी वैयक्तिक आहे की नोकरीच्या ठिकाणची ग्रूप, किती वर्षांची आहे, वहिनींचे वजन आणि उंची किती, मधुमेह किंवा अन्य आजार आहे का, हे कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगितले तरी तो अंदाजच ठरेल.

पहाटफेरी:
मुळात शस्त्रक्रियेची एवढी घाई कशासाठी? माझे अकरा किलो वजन कंबर तलावाच्या रोजच्या फेऱ्यांनी आणि रात्रीची भाकरी बंद केल्याने उतरले. वहिनींनी सहा महिने तरी प्रयत्न करून पाहावा.

होटगीरोडकर:
पहाटफेरी, तिने सहा महिने नव्हे, चार वर्षे प्रयत्न केले आहेत आणि मी विचारलेला प्रश्न तो नाही.
पॉलिसी वैयक्तिक असून सातवे वर्ष चालू आहे. वजन ८८ किलो, उंची १५७ सेंटीमीटर. मधुमेह पॉलिसी घेतल्यानंतर दोन वर्षांनी निघाला. मागील महिन्यातील एचबीए१सी (साखरेची रक्ततपासणी) ९.४ आहे. क्वेरीत दोन ओळी आहेत: ‘बीएमआयमधील तफावत स्पष्ट करावी’ (बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) आणि ‘मधुमेहाच्या स्थितीबाबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे स्पष्टीकरण द्यावे’. तफावत कसली, तेच कळत नाही.

फाइलवाला:
आता उलगडा होतो. विमा नियामकाने लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेविषयी जी प्रमाणित अट घातली आहे, तिच्यानुसार रुग्ण १८ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचा असावा, शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय निकषांना धरून असावी, आणि बीएमआय ४० किंवा अधिक असावा. तो ३५ ते ४० च्या दरम्यान असेल, तर वजन घटवण्याचे सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असावेत आणि सोबत लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा आजार, हृदयधमन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणे) किंवा अनियंत्रित टाइप २ मधुमेह यांपैकी एक तरी असावा. वहिनींचा बीएमआय ३५.७ येतो, म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. आता फाइलमधील प्रत्येक कागदावरची उंची पाहा. कोणी १६० लिहिली असेल, तर त्याच वजनाला बीएमआय ३४.४ येतो आणि प्रकरण अटीबाहेर जाते.
दुसरे म्हणजे फिजिशियनच्या फिटनेसवर शुगरविषयी काय शब्द आहेत, तेही पाहा.

पुणेवारी:
एवढ्या खोलात जाऊ नका. पैसे भरा, शस्त्रक्रिया उरका आणि नंतर रीइम्बर्समेंटचा दावा लावा. आम्ही हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन माझ्या मेहुण्याची शस्त्रक्रिया तशीच करून घेतली.

फाइलवाला:
मेहुण्यांचा बीएमआय किती होता? रीइम्बर्समेंटलाही अट तीच लागते. आज कागदावर जी विसंगती आहे ती नंतरही राहणार, आणि तोवर तुमचे पैसे गेलेले असतील.

पुणेवारी:
बेचाळीस होता, हे मान्य. पण कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा, असे नियामकाचे २०२४ मधील परिपत्रक आहे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा; एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते आणि त्याला शुल्क नाही.

फाइलवाला:
तो मार्ग नाकारल्यानंतरचा आहे. इथे अजून नाकारलेले नाही, विचारले आहे.

होटगीरोडकर:
फाइल आता उघडून बसलो आहे. आहारतज्ज्ञांच्या कार्डावर उंची १६० आहे. त्यांनी मोजलीच नव्हती. पत्नीने तोंडी सांगितली आणि तिने ती कॉलेजच्या जुन्या ओळखपत्रावरून लक्षात ठेवली होती.
फिजिशियनच्या फिटनेसवर ‘मधुमेह नियंत्रणात, शस्त्रक्रियेस योग्य’ असे आहे, तर सर्जनच्या पत्रात ‘अनियंत्रित मधुमेह’. मी दोन्ही कागद स्वतःच्या हाताने जोडले आणि शेजारी ठेवून एकदाही वाचले नाहीत.

पुणेवारी:
मग सोपे आहे. फिजिशियनकडून ‘नियंत्रणात’ हा शब्द खोडून तारीख तीच ठेवून नवा कागद घ्या.

ओटीसिस्टर:
असे मुळीच करू नका. जुना कागद टीपीएकडे पोहोचलेला आहे आणि मागची तारीख घातलेला कागद सापडला, तर दावाच काय, पॉलिसीही धोक्यात येईल. शिवाय दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी खरे असू शकतात. एचबीए१सी मागील सुमारे तीन महिन्यांचा हिशेब सांगते. शस्त्रक्रियेपूर्वी इन्सुलिन देऊन आठवडाभरात उपाशीपोटीची साखर उतरवली, तर भुलेच्या दृष्टीने रुग्ण ‘नियंत्रणात’ असतो, आजार मात्र अनियंत्रितच असतो. हेच फिजिशियनने आजच्या तारखेने, औषधांची नावे आणि जुने रिपोर्ट यांच्यासह लिहून द्यावे.
माझ्या अनुभवातून एक विचारते. वहिनी डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी किंवा आठवड्यातून एकदा घ्यायचे वजन घटवण्याचे इंजेक्शन घेतात का? गोळी शस्त्रक्रियेआधी किमान तीन दिवस थांबवावी लागते आणि इंजेक्शनने जठर उशिरा रिकामे होते, म्हणून भूलतज्ज्ञांना दोन्ही माहीत असले पाहिजे.

होटगीरोडकर:
गोळी चालू आहे. भूलतज्ज्ञांनी औषधांची यादी मागितली तेव्हा मी ती सोडून बाकीची सांगितली होती, कारण ती साखरेची साधी गोळी वाटली. आत्ताच फोन करतो.

फाइलवाला:
सर्जनने दोन आठवड्यांचा द्रवाहार दिला असेल, तर आणखी एक गोष्ट. यकृत लहान व्हावे म्हणून तो देतात, पण त्यात दोन किलो उतरले की बीएमआय ३५ च्या खाली जातो. तेव्हा द्रवाहार सुरू होण्यापूर्वीच्या वजनाची तारखेसह नोंद फाइलमध्ये असू द्या. आणि वहिनी फार घोरत असतील, तर स्लीप स्टडी करावी का, हेही डॉक्टरांना विचारा.

होटगीरोडकर (दोन दिवसांनी):
उंची रुग्णालयात अनवाणी उभे करून, भिंतीवरच्या पट्टीवर नर्स आणि डॉक्टर दोघांसमोर मोजली: १५७. द्रवाहारापूर्वीच्या ८८ किलोची नोंद सर्जनच्या केसपेपरवर सापडली. आहारतज्ज्ञांनी १६० ची नोंद तोंडी माहितीवरून झाल्याचे लिहून दिले आणि चार वर्षांचे आहारतक्तेही जोडले, फिजिशियनने सविस्तर पत्र दिले. गोळी आजपासून बंद आहे. उत्तर रुग्णालयाकडूनच काल दुपारी टीपीएला गेले. शस्त्रक्रिया बुधवारऐवजी पुढच्या सोमवारी ठेवली आहे, मंजुरी अद्याप आलेली नाही.
पहाटफेरी, त्या दिवशी तोडून बोललो, राग मानू नका.